पालथं चाडं

मामांच्या ओसरीवर कुणी काठी टेकत आलं, की मामा आधी काठीची चौकशी करायचे आणि मग माणसाची.

"बोरीची का?"

"व्हय."

"कुन्या गावची? आदी कुनाच्या हातात व्हती?"

एवढं झाल्यावर मग, "बसा. तुमी कोन?" आलेल्या माणसाचं नाव ते दुसऱ्या दिवशी विसरायचे. काठी विसरत नसत. मी शाळेसाठी त्यांच्या घरी तीन वर्षं राहिलो, पण माझं नाव त्यांच्या तोंडून चार-दोन वेळाच ऐकलं असेल. मी झरी गावचा, म्हणून ते मला 'झरी' म्हणत. "झरी, पानी आन." "झरी जेवला का?" जणू मी रुळाकडेचं एखादं लहान स्टेशन होतो.

ते गेल्याचं कार्ड मागच्या वर्षी मला इथं हैदराबादला, हॉस्टेलवर आलं. मामींनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहावं असं मनात होतं, पण धजत नव्हतो. मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कार्डही लिहिलेलं नाही. शिवाय मामांविषयी खरं लिहायचं, तर माझी एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मला फारशी सांगावीशी वाटत नाही.

ते माझे मामा नव्हते. परभणीत स्टेशनमागच्या त्या गल्लीत सगळेच त्यांना बत्तीमामा म्हणत. सारी उमर त्यांनी पूर्णा जंक्शनवर बत्तीवाल्याचं काम केलं होतं. सिग्नलच्या दिव्यांच्या काचा पुसायच्या, वाती कापायच्या, तेल भरायचं, आणि दिवस कलला की एकेका खांबावर चढून दिवे लावून यायचं. नोकरी संपल्यावर ते परभणीला आले, पण बोलणं रेल्वेतच राहिलं. त्यांच्या हातात पटाशी असताना मी ओसरीवर पाय ठेवला, की ते मान वर न करता म्हणायचे, "आउटरला थांब." मी स्टेशनाबाहेर अडलेल्या गाडीसारखा पायरीशी उभा राहायचो. हातातलं काम मनासारखं झालं की म्हणायचे, "सिंगल पडला, ये." मामींनाही हाच न्याय होता. मामी जेवायला हाक मारायच्या आणि आतून उत्तर यायचं, "गाडी लेट हाय." मामी म्हणायच्या, "तुमची गाडी लग्नापासूनच लेट हाय."

रिकामपणी काय करावं म्हणून त्यांनी दिवे करायला घेतले म्हणे. लाकडाचे दिवे. पण सुतार करतात तसे नाहीत. नवं लाकूड ते हातात धरत नसत. ज्यानं आधी काहीतरी काम केलेलं आहे, तेच लाकूड त्यांना लागे. मोडलेलं जू, विहिरीवरच्या मोटेचं झिजलेलं चाक, पडक्या घराची चौकट, बाजेचा पाय. एकदा दुधना नदीच्या पुरात वाहून आलेलं लिंबाचं मूळ त्यांनी दोन माणसं लावून घरी आणलं होतं. "ह्यानं काय काम केलं, मामा?" मी विचारलं. "आख्खं झाड धरून ठिवलं व्हतं की रं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू ह्याला शाळेत शिकवतात तरी काय.

त्यांनी केलेल्या दिव्यांपैकी जुवाचा दिवा मला सर्वांत आवडायचा. आडवं टांगलेलं जू, आणि जिथं दोन बैलांच्या माना यायच्या तिथं दोन दिवे. मानांनी घासून घासून ती जागा गुळगुळीत आणि काळसर झाली होती. मामांनी बाकीच्या लाकडाला जवसाचं तेल चोळलं, पण त्या दोन जागांना हात लावला नाही. "ती पालिश बैलांनी केली हाय," ते म्हणाले. "त्याच्यावर आपली कशाला?" मोटेच्या चाकाचं झुंबर होतं, त्याच्या आऱ्यांच्या टोकांना पणत्या होत्या. ते चाक विहिरीवर असल्यासारखंच अजून थोडं कुरकुरायचं. वंगण घालू का म्हटलं, तर म्हणाले, "बोलू दे. लय वरसं बोललंय ते."

मामींचा मात्र ह्या लाकडांशी उभा दावा होता. "चुलीत घालायला काडी न्हाई," त्या म्हणायच्या, "अन ह्यांची लाकडं पेन्शन खायल्यात." एकदा पावसाळ्यात सरपण भिजलं, तेव्हा त्यांनी अंगणातला बाजेचा एक पाय चुलीत घातला. जेवताना मामांनी भाकरी हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, "राणीसावरगावचा पाय का?" मामींनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मामांनी भाकरी खाल्ली, पाणी प्याले, आणि उठताना म्हणाले, "त्या बाजंवर नऊ लेकरं जलमली व्हती. भाकर चांगली झाली." त्यानंतर मामींनी अंगणातल्या लाकडाला हात लावला नाही. मला वाटतं, ते रागावले असते तर त्यांनी आणखी चार पाय जाळले असते.

कचेरीतले एक पेशकार एकदा साहेबांसाठी झुंबर सांगायला आले. बरोबर गडी, आणि गड्याच्या डोक्यावर सागवानाची नवीकोरी फळी. मामांनी ती फळी बोटानं वाजवली आणि परत दिली. पेशकार म्हणाले, "अजी, लकडी तो लकडी है." मामा म्हणाले, "जिने एक दिन काम नहीं किया, उसकू तुम कुर्सीपे बिठाते क्या, साब?" मला वाटलं आता काहीतरी होणार. पण पेशकारांनी क्षणभर विचार केला, हसले, आणि म्हणाले, "हमारे दफ्तर में तो वही बैठते हैं." मग ते मोडक्या मेण्याचा दांडा घेऊन आले, आणि साहेबांना त्याचं झुंबर मिळालं.

लाकूड आलं की मामा ते मांडीवर घेऊन बसत आणि आणणाऱ्याला विचारत. ह्यानं काय केलं, कुणाच्या हाताखाली केलं, आणि शेवटी नेहमी एक प्रश्न, "ह्याची काही रीत?" एखाद्या वस्तूला घरात कसं वागवायचं, काय करायचं नाही, ते त्यांना कळायला हवं असे. एका घराचा जुना उंबरा आला होता. उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही ही रीत, म्हणून मामांनी त्याचा दिवा सगळ्यांच्या डोक्याच्या वर टांगला. "हितं कुनाचा पाय पोचायचा न्हाई," म्हणाले. रीत समजल्याशिवाय त्यांनी कुठल्या लाकडाला हत्यार लावलं नाही. हे मी तीन वर्षं पाहिलं, म्हणून ठामपणे सांगू शकतो.

आता माझी गोष्ट.

आमची झरीला थोडी जमीन आहे. ज्यांनी पेरणी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पेरायच्या तिफणीच्या वर एक लाकडी वाडगा असतो, त्याला चाडं म्हणतात. तळाला तीन भोकं. तिथून तीन पोकळ नळ्या खाली जातात. दादा, म्हणजे माझे वडील, तिफण हाकायचे आणि आई मागून चालत मुठीतलं बी चाड्यात सोडायची. ते तीन भोकांतून तीन ओळींत जमिनीत पडायचं. पेरणी झाली की आमच्या घरी चाडं धुतात, त्यात मूठभर ज्वारी ठेवतात, आणि पुढच्या पेरणीपर्यंत ते तोंड वर करूनच राहतं. पालथं ते एकाच वेळी घालतात. घरातला पेरणारा माणूस गेला आणि मागं तिफण धरायला कुणी उरलं नाही, की दहाव्या दिवशी चाडं दाराशी पालथं घालायचं. त्या घराची पेरणी संपली.

दादांनी नवी तिफण करून घेतली, तेव्हा जुनं चाडं माळ्यावर राहिलं. बाभळीचं, आजोबांच्या हातचं. मी मामांच्या दिव्यांविषयी घरी बोलायचो. दिवाळीच्या सुट्टीत दादा स्वतःच म्हणाले, "हे न्हे त्यांना. काम करून दमलंय बिचारं, उजेडात तरी बसू दे. रीत तेवढी सांग."

मी ते परभणीला घेऊन आलो, तेव्हा ओसरीवर माझा एक वर्गसोबती बसलेला होता. वकिलाचा मुलगा, माझ्याकडून गणितं उतरवून घ्यायला आलेला. वर्गात मी 'हाय' आणि 'न्हाई' म्हणालो की तो तसंच म्हणून दाखवायचा, आणि पोरं हसायची. तो वाईट नव्हता. पण त्याच्यासमोर मी जपून बोलायचो.

मामांनी चाडं मांडीवर घेतलं, आतून बोट फिरवलं. तीन भोकांतून एकेक बोट घालून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "बी पडून पडून कडा किती गोल झाल्यात बग," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "झरी, ह्याची काही रीत?"

वकिलाचा मुलगा माझ्याकडे बघत होता. चाड्यात ज्वारी ठेवतात, पालथं घातलं तर घराची पेरणी संपते, हे सगळं त्याच्यासमोर तोंडातून काढायचं मला जमेना.

"नाही," मी म्हणालो. 'न्हाई' नाही, 'नाही.'

मामांनी पुन्हा विचारलं, "काहीच न्हाई?"

"लाकूडच आहे, मामा."

आठ दिवसांनी दिवा झाला. मामांनी चाडं पालथं करून टोपीसारखं दिव्यावर टांगलं होतं, कारण धूर त्या तीन भोकांतून वर निघून जाई आणि उजेड खाली पसरे. रेल्वेतल्या माणसाला ते बरोबरच सुचलं होतं. तो दिवा त्यांनी कुणाला दिला नाही. ओसरीवर, माझ्या वाचायच्या जागेवर टांगला. "घरचा हाय तुझ्या," म्हणाले. "मॅट्रिक ह्याच्याखाली कर." आणि मी केलं. सबंध हिवाळा मी आजोबांच्या पालथ्या चाड्याखाली बसून उर्दूतला इतिहास पाठ केला. छतावर उजेडाचे तीन ठिपके पडायचे. मी वर बघायचं टाळायचो. रोज ठरवायचो की उद्या मामांना सांगू. परीक्षा झाली, निकालही लागला.

मी पास झालो होतो आणि मला हैदराबादला कॉलेजात जायचं होतं. दादांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. तिफण धरायला मी एकटाच. बहिणींची लग्नं झालेली. "एकदा येऊन बगतो कुटं ऱ्हायलास ते," एवढंच म्हणाले होते. एका बाजाराच्या दिवशी ते दुपारी आले.

ओसरीशी आल्याबरोबर मामांचा आवाज आला, "काठी धामनीची?"

"व्हय," दादा म्हणाले. ते गोंधळले नाहीत. "सासऱ्याची."

"त्यांना डाव्या हातात धरायची सवय व्हती."

दादा काठीकडे बघतच राहिले. "व्हती. तुमी वळखत व्हता त्यांना?"

"मूठ झिजलीया तशी. या, सिंगल पडलाय."

त्या दुपारी मामांनी दादांना घरातलं एकेक लाकूड दाखवलं. हा मेण्याच्या दांड्याचा उरलेला तुकडा, ह्या चौकटीतून पाच लेकी सासरी गेल्या, हे जू ज्या बैलांचं त्यातला एक पांढरा होता आणि पाण्याला भ्यायचा. सगळी गावं, सगळी घरं, कुठंही न अडखळता. दादा शेतकऱ्यासारखं हूं हूं करत ऐकत होते. त्यांना मामा आवडले आहेत हे मला कळत होतं. त्यांचं लक्ष अजून वर गेलं नव्हतं; मी ओसरीवरचा तो दिवा आधीच उतरवायला हवा होता. पण उतरवून मामांना काय सांगणार होतो?

दिवेलागणीला मामा त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे दिवे लावायला निघाले. आधी अंगणाच्या टोकाचा, मग दाराचा, मग आतले. ओसरीवरचा सर्वांत शेवटी. त्यांनी काडी लावली आणि दादांनी वर पाहिलं.

"हे आपलं चाडं न्हवं?"

"तुमचंच," मामा आनंदानं म्हणाले.

"पालथं कामून?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

दादा खाली बसले. मामींनी आणलेला चहा त्यांनी बाजूला सरकवला. माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "पालथं कवा घालत्यात, ठाव हाय ना तुला?" मग म्हणाले, "तू हैदराबादला चाल्लास, म्हंजी आमची पेरनी सपली. आसंच ना?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. पण आता दादा उठतील, काठी उचलतील, मला सोबत घेऊन गाडीत बसवतील, आणि ते बरोबरच असेल, असं वाटत होतं.

"पावनं," मामा म्हणाले. "पोराला बोलू नका. ह्यानं सांगितलं व्हतं मला. तोंड वर ठिवा, पालथं घालू नका, म्हनला व्हता. मपल्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई. वय झालं."

मी मान वर केली. मामा माझ्याकडे बघत नव्हते. आतून चुलीपाशी काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मामी म्हणाल्या, "इसरत्यात ओ ते लय. परवा चष्मा डोळ्यावर, अन घरभर हुडकीत व्हते."

मामांनी फुंकर घालून दिवा विझवला. चाडं तापलं होतं, तरी त्यांनी धोतराच्या सोग्यानं धरून ते उतरवलं, उताणं केलं आणि दादांच्या पुढ्यात ठेवलं. मग मामींना म्हणाले, "मूठभर जवारी आना." ज्वारीची रीत त्यांना कुणी सांगितली नव्हती. चाड्याच्या तळाशी, भोकाच्या कडेला ज्वारीचा एक दाणा अडकून राहिला होता. तो त्यांनी तेव्हाच पाहिला असावा, दिवाळीत, बोट फिरवताना. पण मी नाही म्हणालो, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

दादा त्या रात्री राहिले. सकाळी उठून पाहतो, तर मामा कामाला बसलेले. तोंड वर ठेवून उजेड खाली कसा पाडायचा हे काम अवघड होतं, कारण दिव्याचं तेलाचं डबडं खाली येतं आणि उजेडाच्या आड येतं. मामांनी डबडं काठाला एका बाजूला बसवलं, वात दांडीवरून मधोमध आणली, आणि वर चकचकीत पत्र्याची टोपी घातली, उजेड परत खाली, भोकांतून ढकलायला. दादा आधी लांब बसून बघत होते. मग जवळ सरकले. दुपारपर्यंत चाडं दादांच्या दोन्ही हातांत होतं आणि मामा पटाशी चालवत होते.

"आउटरला थांब," मला म्हणाले. मी पायरीशी थांबलो.

दिवा आतल्या खोलीत टांगून त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला हाक मारली. अंधारात जमिनीवर उजेडाचे तीन ठिपके पडले होते, एका रांगेत. मामांनी दोरी हातात धरली होती. ती ओढली की दिवा वर जाई आणि ठिपके एकमेकांपासून लांब जात, सोडली की जवळ येत.

"तुमच्या तिफनीच्या दोन वळींतलं अंतर किती?" त्यांनी विचारलं.

दादा उकिडवे बसले. दोन ठिपक्यांच्या मध्ये त्यांनी हात टेकवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत, आणि पुढं चार बोटं. "वर घ्या. आजून. हां. बस."

मामांनी दोरी बांधली. दादा तसेच बसून होते. मामींनी काल दिलेली ज्वारी त्यांनी फडक्यात बांधून ठेवली होती, ती पुरचुंडी त्यांनी उठून दिव्याच्या कडीला अडकवली. मग खाली ठिपक्यांकडे बघत म्हणाले, "सरळ पडायलंय."

थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, "कवा निघायचं म्हनला व्हतास, हैदराबादला?"

मामा आणि मी त्या गोष्टीविषयी पुढं कधीच बोललो नाही. निघताना मी पाया पडलो आणि काहीतरी सांगायला लागलो, तेव्हा ते म्हणाले, "गाडी सुटंल, झरी." त्यानंतर भेट झाली नाही. ते गेल्यावर मामींनी तो दिवा दादांकडे पोचवला. आता तो आमच्या झरीच्या घरी आहे.

ह्या उन्हाळ्यात सुट्टीत गेलो होतो. दादा दिव्याखाली बसून सुंभ वळत होते. मी जवळ बसलो आणि म्हणालो, "दादा, मामांना मी रीत सांगितलीच नव्हती. त्यांनी विचारलं होतं. मीच नाही म्हणालो."

"ठाव हाय," दादा म्हणाले. हात थांबले नाहीत.

"कधीपासून?"

"तवापासनं. कुन्या गावच्या बाजंवर किती लेकरं झाली ते ज्याला तोंडपाठ, तो मपलं चाडं इसरंल व्हय?"

"मग मला जाऊ कसं दिलंत?"

दादांनी सुंभाला पीळ दिला, टोक पायाच्या अंगठ्यात धरलं. "तुला आमची लाज वाटली व्हती. घरी ठिवला आसता, तर ती तशीच ऱ्हायली आसती. म्हनलं, शिकून जाती का बगावं."

गेली का, ते त्यांनी विचारलं नाही. मी सुंभाचं दुसरं टोक धरून बसलो. मधे जमिनीवर ते तीन ठिपके होते, वीत आणि चार बोटं अंतरानं.